शंभर वॅटचे बल्ब

परळमध्ये गाडीचा दिवा गेला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक बल्ब बदलून देणारी आणि दुसरा लवू धुरी. लवू पटकन काही बदलत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याला समोरच्या हॉटेलातला चहा पाजतो आणि आपण बॅटरीपासून सुरुवात करतो. बारक्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प हे त्याचं मुख्य हत्यार. एक वायर गाडीच्या बॉडीला लावायची, दुसरी पुढे पुढे टेकवत जायची. बल्ब पेटला तर करंट इथवर आलाय, नाही पेटला तर मधेच कुठेतरी घोळ आहे. मुलाने आकडे दाखवणारा मीटर आणून दिला होता. तो कपाटात नीट ठेवलेला आहे.

त्याची आणखी एक खोड म्हणजे, एखादा पार्ट जळालेला निघाला की तो का जळाला याचा छडा लागेपर्यंत नवा बसवत नाही. "वस्तू उगाच जळत नाही," म्हणतो. या खोडीपायी त्याच्या निम्म्या दुपारी फुकट जातात, शेजारचा पंक्चरवाला हसतो, आणि तरीही पार शिवाजी पार्कहून लोक त्याच्या टपरीवर गाड्या घेऊन येतात. एकसष्टीत तरी हा माणूस सुधारेल ही आशा त्याच्या बायकोनेही, शेवंतीनेही, सोडून दिलेली आहे.

त्या शिवाजी पार्कवाल्यांतल्या मृणालिनीबाई. वीस वर्षं लवूकडे येतात. इस्पितळात फिजिओथेरपी करून निवृत्त झालेल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या आणि कुणाचा हात धरून रस्ता ओलांडणं हा अपमान समजणाऱ्या. दर गुरुवारी आपली जुनी छोटी लाल गाडी घेऊन त्या अँटॉप हिलला धाकट्या बहिणीकडे, कालिंदीकडे जातात. कालिंदीची उजवी बाजू अर्धांगाने गेलेली. बाई तिच्याकडून व्यायाम करून घेतात, तिला ओरडतात, तिच्याशी पत्ते खेळतात आणि दिवेलागणीनंतर परत निघतात. दोघी बहिणींचा आठवडा त्या एका संध्याकाळवर चालतो.

एका शुक्रवारी सकाळी बाईंनी गाडी टपरीसमोर लावली, म्हणजे फुटपाथला घासून थांबवली.

"लवू, चालता चालता दिवे जातात रे. काल दोन्ही गेले. पाच मिनिटं थांबले तर आपोआप आले. एकाने बल्ब बघितला, एकाने फ्यूज बदलला. काही उपयोग नाही."

"थांबलं की येतात?" लवूने विचारलं.

"येतात. दहा मिनिटांनी पुन्हा जातात."

लवूला हे ऐकूनच अर्धं कळलं होतं, पण अर्ध्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतला तो नव्हे. त्याने दिवे चालू करून ठेवले आणि फ्यूजपाशी टेस्ट लॅम्प टेकवला. पेटला. स्टेअरिंगखालच्या स्विचमध्ये करंट जातोय का बघितलं. जात होता. स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरीलाही टेस्ट लॅम्प पेटला. मग वायर तिथेच धरून तो पाय पसरून बसला आणि वाट बघू लागला. आठव्या मिनिटाला गाडीचे दोन्ही दिवे गेले आणि हातातला बल्बही विझला. स्विचमध्ये करंट येत होता, बाहेर पडत नव्हता. चोर सापडला.

बॅटरीची वायर सोडवून, स्टेअरिंग उतरवून त्याने स्विच बाहेर काढला. आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, तांब्याची पट्टी काळी पडलेली. तापली की ती टेकायचं सोडत होती, थंड झाली की पुन्हा टेकत होती. सरळ केस. नवा स्विच आणायचा, बसवायचा, मोकळं व्हायचं. पण का जळाला? लवूने पुढचे बल्ब काढून उन्हात धरले. शंभर वॅटचे. कंपनीचा बल्ब साठचा असतो. दीडपटीहून जास्त करंट त्या बिचाऱ्या पट्टीतून धावत होता, ती जळेल नाहीतर काय करेल?

"बाई, हे बल्ब कोणी टाकले?"

"मीच ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडून आणून टाकून घेतले. आधीचे अगदीच मिणमिणते होते. रस्त्यावर हल्ली उजेड कुठे असतो?"

लवूने हातातले बल्ब पुन्हा निरखले. हल्ली रस्त्यावर इतके पांढरे झक्क दिवे आहेत की सुई पडली तर सापडावी.

"जाड वायर आणि रिले टाकला की बल्बचा करंट परस्पर जातो, स्विचवर भार येत नाही म्हणे," बाई पुढे म्हणाल्या. "शेजारच्या उन्मेषने सांगितलं. तसंच करून दे. उद्या संध्याकाळी येते."

उन्मेषचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. अर्ध्या तासाचं काम. स्विच वाचला असता, बाई खूश झाल्या असत्या. लवूने रिले हातात घेतला आणि परत डब्यात टाकला. मग गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूला बंपरपासून मागच्या दारापर्यंत ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. पुढच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी स्कूटरचा निळा रंग लागला होता.

घरी जेवताना त्याने शेवंतीला सगळं सांगितलं. "उद्या बाईला काय सांगू? तुम्हाला दिसत नाही म्हणून? ती परत माझ्याकडे पाऊल टाकणार नाही. आणि गाडी सुटली तर बहिणीकडे जाणं सुटेल. तिचा जीव त्याच्यात आहे."

शेवंतीने त्याच्या ताटात भात वाढला. "गाडयेचो आजार कळता तुमका. मग माणसाचो कळलो तर सांगूक काय झाला?"

दुसऱ्या दिवशी अंधारून येताना बाई आल्या. नवा स्विच बसला होता. दिवे लागत होते, विझत नव्हते. बाईंनी समोरच्या भिंतीवरचा उजेड बघून नाक मुरडलं.

"हे साठचेच बल्ब टाकलेस."

"हो. रिले नाही टाकला." लवूने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "बाई, समोरच्या दुकानाच्या बोर्डावर काय लिहिलंय?"

"सूर्यकांत मेडिकल. का?"

"ते चार महिन्यांमागे बंद झालं. आता तिथे केकचं दुकान आहे. बोर्ड गुलाबी आहे."

बाईंनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. बोर्ड रस्त्याच्या पलीकडे, पंधरा पावलांवर होता आणि त्यावर माणसाएवढी अक्षरं होती. पंक्चरवाला उगाच ट्यूब चाचपत राहिला.

"बॅटरी बघितली, फ्यूज बघितला, स्विच बदलला," लवू खाली बघत म्हणाला. "सगळं नीट आहे. दिव्यात खोट नाय, बाई. डोळे दाखवून घ्या. तोवर चावी मी देत नाही."

"तू कोण रे चावी न देणारा?"

"कोण नाही. पण देत नाही."

बाईंनी हात करून टॅक्सी थांबवली आणि मागे न बघता गेल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक असं गेलं. लाल गाडी टपरीसमोर उभी राहिली. लवू रोज सकाळी ती पुसायचा. पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला. त्याला वाटायचं, तिकडे कालिंदीबाई पत्ते घेऊन बसल्या असतील आणि आपण शहाणपणा करून बसलो. चूक केली नाही हे त्याला माहीत होतं, पण त्याने जेवण गोड लागतंय थोडंच.

पाचव्या गुरुवारी चारच्या सुमारास टॅक्सीतून काळा चष्मा लावलेल्या बाई उतरल्या.

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत," त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या. "एकाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस गाडी चालवत होतात कशा?" मग गाडीच्या पुढच्या कोपऱ्याला बोट लावून, "लवू, त्या निळ्या रंगाचं मला माहीतच नव्हतं रे. कोण होतं, लागलं का त्याला, काहीच माहीत नाही."

लवूने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत. चष्मा काढून त्या त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"केवढा म्हातारा झालास तू."

"झालो असेन," लवू म्हणाला.

"दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. तोवर चावी तुझ्याचकडे राहू दे. आज मला अँटॉप हिलला सोडशील?"

लवूने टपरी पंक्चरवाल्याच्या हवाली केली, हात धुतले आणि मालकिणीसाठी डावीकडचं दार उघडलं. गाडी निघाली तशी बाईंनी समोरच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. केकचं दुकान, चष्म्याचं दुकान, लग्नाच्या पत्रिका, दाताचा दवाखाना, फोन नंबरसकट. नव्याने वाचायला शिकलेल्या पोरीसारख्या त्या मोठ्याने वाचत होत्या. मागचे हॉर्न वाजवत होते, आणि लवू एकही पाटी सुटू नये म्हणून गाडी हळू चालवत होता.