चालू म्हणजे चालू

नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच नाही. ज्या सरांनी मला खेळायला शिकवलं त्यांना सांगायची संधी परवाच आली होती, अगदी समोरासमोर — तेव्हाही मी मान डोलावून गप्प बसले. म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही, आणि तेच बरं. ओळखीचं माणूस लगेच समजूत घालायला बसतं. मला समजूत नको आहे. मला संताप आलेला आहे, आणि त्यातला बराचसा माझ्याच नावाचा आहे.

आधी मी कोण ते ऐका. गुडीहत्नूरजवळ मुलींच्या एका निवासी शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. आमच्याकडे पीडी म्हणतात. बास्केटबॉल शिकवते. दरवर्षी पहिल्या दिवशी मुलींना रांगेत उभं करते आणि टीम म्हणजे काय यावर भाषण ठोकते. एकीसाठी सगळ्या, सगळ्यांसाठी एक, वगैरे. मुली डोळे मोठे करून ऐकतात. मला त्या भाषणाची किळस येते, पण ते आता तोंडपाठ झालंय.

नऊ-दहा वर्षं झाली असतील. आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला होते आणि टीमची कॅप्टन होते. गार्ड खेळायचे — म्हणजे बॉल मागून पुढे आणायचा आणि कोणी कुठे पळायचं ते ओरडून सांगायचं. आमचे इशारे मीच ठरवलेले. ‘थांब’ म्हटलं की बॉल धरून ठेवायचा, सगळ्या जागेवर येईपर्यंत. ‘चालू’ म्हटलं की मागे वळून बघायचं नाही, थेट रिंगवर जायचं. पोरी साऱ्या आदिलाबादच्याच, मराठी-तेलुगू-उर्दू तिन्हीत वाढलेल्या. त्यांचे कान केव्हाच सरावले होते.

त्या वर्षी श्रावणी आली. मंचेरियलची, वडील कोळशाच्या खाणीत. तिच्या आधीच्या कॉलेजात मुलींची टीम बंद पडली, म्हणून या पोरीनं दुसऱ्या वर्षाला टीसी काढली आणि नुसतं खेळायला मिळावं म्हणून आमच्याकडे नाव घातलं. होस्टेलवर राहायची. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर खेळाच्या कोट्यातून पुढे शिकता येणार होतं. नाही झाली तर घरचे लग्न लावून मोकळे होणार होते. हे तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, अडखळत, मोडक्या हिंदीत. मी कॅप्टन म्हणून मुद्दाम मलाच सांगितलं. मला अक्का म्हणायची.

तीसुद्धा गार्डच होती. आणि — आता लपवून काय करू? — माझ्यापेक्षा चांगली होती.

पहिल्या संध्याकाळी तिनं डाव्या हातानं बॉल टप्पे मारत आणला तेव्हा मैदानाबाहेर उभ्या असलेल्या दोघी-तिघी बोलायच्या थांबल्या. सर खूश. प्रॅक्टिस संपल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. त्या वहीत ते कोण कधी आत, कोण कधी बाहेर, याचे रकाने पाडायचे, दहा-दहा मिनिटांच्या चारही डावांचे. म्हणाले, “हिले कुठं बसवाचं ते तूच पाय. कॅप्टन तू हायेस.”

कुठं बसवायचं! अहो, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. माझा नेम चांगला होता आणि पाय जड होते. तिसऱ्या डावानंतर मला बॉल घेऊन पळणं जिवावर यायचं. तिचे पाय हलके, नेम बेताचा. दुसऱ्या डावात माझ्या जागी ती, मी जरा दम खाणार. आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोघी एकदम — बॉल तिच्या हातात, मी कोपऱ्यात, तिनं आत घुसायचं, दोघी-तिघींना अंगावर घ्यायचं आणि बॉल माझ्याकडे सोडायचा. कोणाचीही जागा जात नव्हती, माझीही नाही. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मग मी वहीत काय लिहिलं? दुसऱ्या डावात चार मिनिटं, तीही बेंचवरच्या कच्च्या मुलींबरोबर. बस. सरांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांचाही मला राग येतो. एका पोरीचं वर्ष त्या वहीत होतं आणि ती त्यांनी माझ्या हवाली करून टाकली.

तिला इशारे शिकवायचं कामही माझ्याकडेच होतं. मी तिला म्हटलं, देखते देखते सीख जाएगी. हिंदीत म्हटलं. मला तेलुगू येत नाही असं तिला वाटायचं, कारण मी तिच्याशी तेलुगूत कधी बोललेच नव्हते. खरं तर माझी दहावी तेलुगू माध्यमातली. एक शब्द तिच्या भाषेत बोलले असते तर तिला किती आधार वाटला असता, हे मला कळत होतं. म्हणूनच बोलले नाही.

मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. ही पोरगी सुसाट सुटायची आणि मध्येच थांबायची. समोर कोणी नाही, रिंग मोकळी, आणि ही बॉल पोटाशी धरून मागे वळून आमच्याकडे बघायची. सर डोक्याला हात लावायचे. “काऊन थांबून राह्यली हे पोट्टी?” मलाही कारण माहीत नव्हतं. पहिले पंधरा दिवस खरंच माहीत नव्हतं. या सगळ्यात माझ्याकडे निर्दोष असं काही असेल तर ते तेवढे पंधरा दिवस.

एका रविवारी आईच्या आग्रहामुळे मी टीमला घरी जेवायला बोलावलं. बाकीच्या आपापल्या घरी गेलेल्या, होस्टेलची एकटी श्रावणीच आली. आई किनवटकडची, तिला बाजारापुरतीच तेलुगू. बाबा शाळेत कारकून होते. आलेल्या माणसाला आमच्या घरात पोटभर आणि मानानं जेवू घालतात. बाबा म्हणायचे, उपाशी राहणं आणि बाहेर बसवलं जाणं, आपल्या माणसांनी दोन्ही भोगलंय, आपल्या दारात ते कोणाला नको. तर आई ज्वारीची भाकर वाढत होती. श्रावणीनं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, “चालू, अम्मा.”

आईनं आणखी एक भाकर वाढली. पोरगी ‘चालू’ म्हणते म्हणजे चालू ठेव, असं तिला वाटलं. “खाय माय, लाजून काऊन राह्यली,” म्हणाली. श्रावणीनं ती भाकर मुकाट्यानं संपवली. आई पुन्हा आली. पुन्हा “चालू, चालू,” आणि पुन्हा भाकर. आमच्याकडे पाहुण्याला असा आग्रह करतात असंच तिला वाटलं असणार. आई नंतर कौतुकानं म्हणाली, पोरगी चांगली जेवते.

मी समोर बसले होते. तेलुगूत चालू म्हणजे पुरे. बस. मला हा शब्द लहानपणापासून माहीत होता, पण दोन्ही शब्द असे शेजारी ठेवून कधी बघितलेच नव्हते. तोच उच्चार, आणि अर्थ नेमका उलटा. पंखा चालू, गाडी चालू हे तिनं हिंदीत ऐकलं असेलच की. पण जीव खाऊन धावताना कान घरचंच ऐकतात. त्यात तिचे मंचेरियलचे सर सराव थांबवताना हाच शब्द ओरडायचे, हे जेवताना तिनंच सांगितलं होतं. म्हणजे ती धावत होती आणि मी तिच्या पाठीमागून ओरडत होते — पुरे. पुरे. पुरे.

तिथंच सांगायला काय झालं होतं? माझ्याच घरात, माझ्याच आईच्या हातचं खात होती ती. मी मिठाची गुळणी धरून बसले. वाटलं, उद्या मैदानावर सांगू. दुसऱ्या दिवशी मैदानावर ती थांबली, सर चिडले, आणि मला — लिहायला जड जातंय — मला बरं वाटलं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, एवढंच ना? वीस-एकवीस वर्षांची पोरगी, मत्सर वाटला, गप्प राहिली. नाही, एवढंच नाही. गप्प राहण्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

स्पर्धा आमच्याच कॉलेजात होती. विद्यापीठाची निवड करणारे दोघं खुर्च्या टाकून बसलेले. सेमीफायनलच्या दुसऱ्या डावात सरांनी मला बाहेर घेतलं आणि श्रावणीला आत सोडलं. मिनिटाच्या आत तिनं समोरच्या गार्डच्या हातातून बॉल उचलला. पुढे सगळं मैदान रिकामं. तिला काही सांगायची गरजच नव्हती, ती निघालीच होती. निवडवाल्यांतला एक जण पुढे झुकला. मी ते पाहिलं, बेंचवरून उठले आणि छातीत हवा भरून ओरडले, “चालू!”

ती थांबली.

मागून येणारीनं बॉल काढून घेतला. दोन मिनिटांनी पुन्हा तसंच झालं. पुन्हा मी ओरडले, पुन्हा ती थांबली. तिसऱ्या वेळेला सर लाल झाले आणि त्यांनी तिला बाहेर ओढलं. कोणाला संशय येणार? कॅप्टन बेंचवर उभी राहून नव्या पोरीला पुढे जा म्हणून ओरडत होती. शेजारच्या मुलीनं माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी सरांनी फायनलचे रकाने पाडायला वही उघडली आणि मला विचारलं. मी म्हटलं, “सर, ते पोट्टी मोक्याच्या येळी थांबते. फायनलले नोका उतरवू.” त्यांनी तिच्या नावावर रेघ मारली. सरळ रेघ, पट्टीनं मारल्यासारखी.

फायनलची चाळीस मिनिटं ती बुटांच्या नाड्या बांधून बेंचवर बसली. चौथ्या डावात माझे पाय गळाले, कोपऱ्यातून टाकायला बॉल कोणी आणून देईना, आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. तरी माझी निवड झाली. त्याच निवडीच्या कागदावर पुढे मला ही नोकरी लागली.

सामना संपल्यावर मी नळावर तोंड धूत होते. श्रावणी माझ्या मागे येऊन उभी राहिली. रडत नव्हती. हिंदी जुळवायच्या भानगडीत न पडता, मला कळो न कळो, तिनं सरळ तिच्या भाषेत विचारलं, “अक्का, नेनु उरिकिनप्पुडल्ला चालू अंटवेंदुकु?” मी धावायला लागले की तू दर वेळी पुरे का म्हणतेस?

खरं काय ते सांगून टाकायची संधी तिनं स्वतःच मला दिली होती. अजून वेळ होता. निवडवाले अजून सरांच्या खोलीत चहा पीत होते. त्यांना हात धरून बाहेर आणता आलं असतं, तिला पाच मिनिटं पळून दाखव म्हणता आलं असतं. मी तोंड पुसलं आणि तिच्याशी पहिल्यांदाच तेलुगूत बोलले. स्वच्छ, जराही न अडखळता. म्हटलं, “चालू अंटे चालू.”

पुरे म्हणजे पुरे.

तिनं माझ्याकडे बघितलं. मला तिची भाषा येते, पहिल्या दिवसापासून येत होती, हे तिला त्या तीन शब्दांत कळलं. बाकीचं काय कळलं ते मला माहीत नाही. तिनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी जर्सी धुऊन घडी करून सरांच्या टेबलावर ठेवली. पुढच्या जूनमध्ये ती कॉलेजात आली नाही. होस्टेलच्या एका मुलीकडून कळलं, लग्न झालं.

परवा सरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. त्यांनी भाषणात माझं नाव घेतलं, टीम कशी बांधावी ते हिच्याकडून शिका म्हणाले. नंतर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसले. “मंचेरियलची ते पोट्टी आठवते का तुले? दम नव्हता तिच्यात. तू बराबर वळखली होती.” मी मान डोलावली. दहा वर्षांनीसुद्धा माझी मान बरोबर त्याच बाजूला हलली. तेव्हापासून मला काही सुचत नाही, समोर येईल त्याच्यावर मी खेकसते आहे.

माझ्या शाळेतही इशारा तोच आहे. बदलून टाकावा असं कितीदा मनात आलं, बदलला नाही. नवीन तेलुगू मुलगी टीममध्ये आली की मी तिला पहिल्याच दिवशी बाजूला घेते. सांगते, इथं चालू म्हणजे पुरे नाही, इथं चालू म्हणजे थांबू नको, पळ. दोनदा म्हणून घेते तिच्याकडून. मुली हसतात, मान डोलावतात आणि मैदानावर पळून जातात. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं.