ठोकेदादांची भीती

खुर्ची ठोकून पाहिल्याशिवाय तिच्यावर न बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ठोकेदादा ऑफिसात आले की खिशातून वीतभर हातोडी काढायचे, खुर्चीच्या चारही पायांवर टकटक करायचे, कान द्यायचे आणि मगच टेकायचे. सांगलीकडच्या रेल्वेच्या छोट्या लाइनीच्या इंजिन शेडमध्ये ते बॉयलरचे मिस्त्री होते आणि मी कराडहून नव्याने बदलून आलेली कारकून. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो.

मग एकदा त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत, पांढरट झालेली. तरुणपणी एका इंजिनात पाणी दाखवणाऱ्या काचेची वाट आतून तुंबली होती. काचेत पाणी भरपूर दिसत होतं, बॉयलरमध्ये मात्र आटलं होतं. भट्टीचं छत फाटलं आणि शेजारी उभा असलेला त्यांचा फायरमन जागीच गेला. "काच खोटं बोलती, ताई," दादा म्हणाले. "आवाज खोटं बोलत न्हाई. आन भ्यायला कवा लाजू नगा."

नव्वदीच्या सुरुवातीला वाफेची इंजिनं मोडीत निघाली. यार्डात गॅसकटर चालू झाला की मी खिडकी लावून घ्यायची, तरी आवाज यायचाच. भंगाराच्या याद्या मीच टाइप करत होते. दादा रोज दारात उभे राहून विचारायचे, "आज कुनाचा नंबर?" मला ते दार उघडलं तरी धस्स व्हायचं. शेवटी एकच इंजिन उरलं. त्याचा बॉयलर दादांनीच इतकी वर्षं सांभाळला होता.

ते इंजिन जपायचं, स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं करायचं, असं ठरलं तेव्हा दादांनी शेडभर पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी शेडचे साहेब म्हणाले, "इंजिन स्वतःच्या वाफेवर चौथऱ्यापर्यंत आलं पाहिजे. पाहुणे बोलावलेत."

"सायेब, ढकलून न्हेऊ. आग नगं. लय म्हातारं झालंय."

"चालत नसेल तर घाला यादीत," साहेब हसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याने बॉयलर फाटलेला पाहिला नव्हता, एवढंच.

पुढचे आठ दिवस दादा भट्टीत शिरून बसले. भट्टीच्या भिंती शेकडो लोखंडी दांड्यांनी धरलेल्या असतात. धड दांडा खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की दादा खडूने फुली मारत. जमतील तेवढे दांडे त्यांनी बदलले. वरच्या कोपऱ्यातल्या दोन दांड्यांवर फुली मारता आली, पण ते काढायला तिथे हत्यारच फिरेना. त्या दोन फुल्या मी बॅटरीच्या उजेडात पाहिल्या.

"दादा, नाही म्हणा. जाऊ द्या यादीत."

"टाइप कराल तुमी?"

मी बॅटरी विझवली.

त्या सकाळी मांडव होता, हार होते, शाळेची मुलं होती. दादांनी सगळ्यांना दोरीच्या पार मागे हटवलं. ड्रायव्हरलाही उतरवलं. "दोनशे पावलं तर हायती. मी न्हेतो." वाफ त्यांनी जेमतेम चालण्यापुरतीच धरली होती. इंजिन हललं तशी मुलं टाळ्या वाजवू लागली आणि मी दोरी मुठीत आवळून उभी. शिट्टी झाली तेव्हा मी डोळे मिटले. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

इंजिन पोचलं. दादांनी आग ओढून काढली, पाहुण्यांनी नारळ फोडला, भाषणं झाली, तरी दादा खाली उतरेनात. शेवटी मीच वर चढले. त्यांची बोटं हँडलवर तशीच आवळलेली होती. मी ती एकेक करून सोडवली. "बद्द वाजत हुतं, ताई," ते पुटपुटले. "सारी वाट मला त्योच आवाज."

तिसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि अंगठ्याएवढा पितळी प्लग माझ्या टेबलावर ठेवला. मधोमध शिसं भरलेलं. "ह्यो भट्टीच्या छतातला. पानी आटलं तर ह्यातलं शिसं इतळतं आन आग इझते. आता तितं भोक हाय. उद्या कुनी पेटवाय गेलं तर पानी आगीत गळंल. मग त्यो इचारंल. इचारंल तवा भिईल. कुनाला देऊ नगा. मी मागितला तरी न्हाई."

दादा निवृत्त होऊन गावी, पलूसकडे गेले आणि दोन वर्षांत वारले. त्यानंतर लवकरच नवे साहेब आले. त्यांना इंजिन पुन्हा पेटवायची हौस आली. "छतातला प्लग गायब आहे म्हणतात. काही नोंद आहे का, बाई?"

"नाही साहेब," मी म्हणाले. नोकरीत खोटं बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. प्लग तेव्हा माझ्या पर्समध्ये होता.

आता तो घरी आहे, कपाटात साड्यांच्या खाली. इंजिन चौथऱ्यावर उभं आहे, दर वर्षी रंग लागतो, मुलं त्यावर चढून फोटो काढतात. मीही त्या बाजूने जाते. पण अजून लांबूनच आधी चिमणीकडे बघते, धूर नाही ना.