चौकटींच्या वहीवर मी लिहिलेला शेरा

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, संस्थेतल्या एकाही माणसाला नाही — हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसले, तर माझाच मला संशय येतोय. का सांगतेय? मन हलकं करायला? की 'बघा, किती प्रामाणिक बाई' असं तुम्ही म्हणावं म्हणून? तुम्हीही जरा सावध राहूनच ऐका.

माझा स्वभावच असा. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली की मी आधी पिशवीतली भेंडी तपासते. भिवंडीत, कामतघरच्या आमच्या गल्लीत मला मागून 'सीआयडी' म्हणतात, हेही मला माहीत आहे — कोण म्हणतं तेसुद्धा माहीत आहे.

अशा बाईने तुरुंगात चित्रकला न्यावी, हा विनोदच. पण नेली. शाळेत चित्रकला शिकवायचे, नोकरी सुटल्यावर एका कारागृहात आठवड्याचा वर्ग सुरू केला. मग गाणी शिकवणारे भेटले, नाटकवाले भेटले, मातीकाम करणारी एक मुलगी भेटली. सगळ्यांना एकत्र बांधून आम्ही एक जाळं उभं केलं, आणि त्याची प्रमुख मी. भाषणात मी नेहमी सांगते — कैद्यावर कुणीतरी विश्वास टाकावा लागतो, मग त्याचा हात मोकळा होतो. लोक टाळ्या वाजवतात. मला वाटतं, त्यातल्या निम्म्यांना तरी कळत असेल की ही बाई हे वाक्य पाठ करून आली आहे.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आत नेलेला प्रत्येक कागद, प्रत्येक पेन्सिल मोजून बाहेर आणायची. कैद्याला आपलं चित्र घरी पाठवायचं असेल, तर मी ते बघायचं, मागे 'हरकत नाही' असं लिहून सही करायची. मग तुरुंगाच्या साहेबांचा शिक्का. साहेब चित्र बघतसुद्धा नसत, माझी सही बघत. म्हणजे चित्र आत राहणार की घरी जाणार, हे माझ्या हातात.

दामू आमच्या भिवंडीजवळच्या राहनाळचा. पंचेचाळिशीचा, अंगाने आडवा, डोळ्यांनी अधू. भांडणात एकाचा जीव गेला, म्हणून शिक्षा भोगत होता. त्याआधी वीसेक वर्षं कामतघरच्या यंत्रमागांवर काम केलेलं. बाकीचे डोंगर काढत, देवळं काढत, आया काढत. दामूने चौकटींची वही मागितली — मुलांची गणिताची असते तशी. आणि त्यातले चौकोन तो भरू लागला. एक भरलेला, दोन रिकामे, पाच भरलेले. पानंच्या पानं. शेजारी करीमचाचा बसायचा, तोही मागावरचाच, उत्तरेकडून आलेला, सत्तरीचा, ज्याला बाहेर कुणी उरलेलं नव्हतं. दामूला बारीक दिसत नसे, म्हणून चाचा हळू आवाजात मोजून द्यायचा, "चार खाली... तीन भर... फिर सात खाली."

तुम्हीच सांगा — तुरुंगात दोन माणसं डोकं जवळ आणून आकडे कुजबुजताहेत. तुम्हाला काय वाटलं असतं?

नाही, हे असं विचारणं सोडते. तुम्हाला काय वाटलं असतं याच्याशी माझ्या करणीचा काही संबंध नाही.

मी दामूला विचारलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी स्वतःला बजावत राहिले की विचारायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "काठाचा डिझाईन हाय, ताय. पोरीचा लगीन हाय ना, तिच्या साडीला. मासोळ्या हायेत बगा."

मी बघितलं. मला एकही मासोळी दिसली नाही. आणि मला वाटलं — उत्तर फार तयार होतं याचं. मी भिवंडीची. माग कसा चालतो हे मला कोण सांगणार? इथे गल्लोगल्ली साधं कोरं कापड निघतं, नक्षी नाही. कागदावर चौकोन भरून साडीचा काठ होतो, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून ते खोटं. घरी पाठवायला म्हणून त्याने दिलेली पानं मी माझ्या घरी आणली, चौकोन मोजले. आडवे चौदा. आमच्या वर्गापासून मोठ्या दरवाज्यापर्यंत कमानी किती? पुढच्या आठवड्यात मोजल्या — चौदाच. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगू? त्यात थोडा आनंदही होता.

'हरकत नाही' च्या जागी मी लिहिलं — 'यात सांकेतिक मजकूर असावा अशी दाट शंका वाटते.' खाली सही. साहेबांनी माझ्यासमोर ते दोनदा वाचलं आणि मला चहा पाजला.

बराकीची झडती झाली. काही सापडलं नाही. तरी दामूला वेगळ्या कोठडीत हलवलं, त्याचं वर्गाला येणं बंद केलं, नोंदीत शेरा गेला. कुणी सांगितलं हे त्याला कुणी सांगितलं नाही, आतून माहिती मिळाली एवढंच. त्याने पोरीच्या लग्नासाठी फर्लोचा अर्ज केला होता — शिक्षा भोगणाऱ्याला काही दिवस घरी सोडतात, ती रजा. अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. त्यावर आता माझी सावली पडली होती.

इथपर्यंत मी मूर्ख होते असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येणार नाही.

मी पानांची झेरॉक्स काढून ठेवली होती. आपलं बरोबर होतं याची खात्री करायची खाज, दुसरं काय? शोधल्यावर कळलं, आमच्या भागात एक म्हातारे मास्तर आहेत, नक्षीच्या मागांसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडून देतात. कागदावरचा भरलेला चौकोन म्हणजे एक भोक, भोक म्हणजे एक धागा वर. भिवंडीत असे मोजकेच उरलेत, आणि हे माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. त्यांनी पानं हातात घेतली, फिरवून आडवी धरली, एकाखाली एक जमिनीवर मांडली आणि लांब जाऊन उभे राहिले. मलाही तिथेच उभं केलं.

मासोळ्या होत्या. एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड, अशी अख्खी रांग.

"मशीन समोर नसताना डोक्यातून काढलंय?" मास्तर म्हणाले. "ताई, कोण हो हा माणूस? मला भेटवा."

लग्नाला तेव्हा अठरा दिवस होते. अर्जावर निर्णय झाला नव्हता. एक कागद घ्यायचा, लिहायचं की माझी चूक झाली, ही साडीची नक्षी आहे, मास्तरांना विचारून खात्री केली. दहा ओळी. मी लिहायला बसलेही. पण त्याच आठवड्यात साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं होतं — ताई डोळ्यांत तेल घालून काम करतात, असा भरवसा असेल तर आणखी दोन कारागृहं उघडून देऊ. आणि मी विचार करत राहिले — आता चूक म्हटलं तर माझ्या सहीला काय किंमत राहील? एक दिवस, दोन दिवस. अठरा दिवस.

मुलीचं लग्न बापाशिवाय लागलं. साध्या बाजारातल्या साडीत. आम्हाला दोन नवी कारागृहं मिळाली.

इथे थांबले असते तरी हा कबुलीजबाब पुरला असता. पण मला सांगायचं होतं ते हे नाहीच.

मागच्या वर्षी दामू सुटला. राहनाळच्या एका गोदामात पहारेकरी आहे. आमच्या प्रदर्शनाला आला, माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरकले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताय, इतकी वर्सं एकच इचार करतंय. कोनी सांगितला असंल? आतमदी चौकटींचा त्या म्हाताऱ्याबिगर कोनाला म्हाईत नव्हता. चाचानीच ना?"

सरळ प्रश्न होता. त्याचे डोळे पाण्याने भरलेले. त्याला हे खरं नको होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, माझं नाव सांगायचीही गरज नव्हती. नुसतं 'नाही'.

मी म्हटलं, "आतल्या माणसांचा काय भरवसा, दामू."

त्याने मान डोलावली. सुटताना तो चाचाला शब्द देऊन आला होता की दर महिन्याला मुलाखतीला येईन, बाहेर तुला कुणी नसलं तरी मी आहे. तोपर्यंत दोनदा जाऊनही आला होता. त्या दिवसानंतर गेला नाही.

चाचा अजून आत आहे. अजून वर्गाला येतो, आता त्याला स्वतःलाच नीट दिसत नाही. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो. दर सोमवारी, वर्गाच्या दिवशी, पेन्सिली मोजून घेताना विचारतो, "बाजी, दामू ठीक तो है? आता क्यों नहीं?"

मी सांगते, कामात असतो.

काल सोमवार होता. कालही तेच सांगितलं.