दोन्ही हात

शेवटच्या मॅचला आजोबांनी ऐटीत एकच हात पुढे केला, झेल सुटला आणि सीझनभर जिंकत आलेली त्यांची पगारी बेसबॉल टीम हरली. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या बागेत रोज भेटणारा गोरा म्हातारा आपल्या आजोबांची ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट काल घडल्यासारखी सांगतो. तेव्हापासून त्यांच्या घरात मिठाची बाटलीसुद्धा दोन्ही हातांनी घेतात. मी लाडू दिला तर त्याने ओंजळ केली. मला वाटलं, प्रसाद समजला.

"आता पुरे की," मी मोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं. "एका हाताने घ्या. पडला तर दुसरा देईन."

त्याने एक हात पुढे केला. मग दुसरा आलाच.

"आजोबांना दुसरा चेंडू कोणी दिला नव्हता," तो म्हणाला.

त्या मॅचमधलं आज कोणीच जिवंत नाही. हा तर तेव्हा जन्मलाही नव्हता.