वॉल्टरचा एक जादा ठोका

१२ जुलै, शनिवार. गणपतीला अवकाश होता, पण सिंगापूरच्या दमट हवेत लेझमीच्या चकत्या गंजतात, म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या सगळ्या लेझमी बाल्कनीत काढून मी पॉलिशपेपरने घासत बसले होते. तेवढ्यात लिलियनचा फोन आला. वॉल्टर पहाटे झोपेतच गेला होता. मी हात धुतले, लेकीला, अनयाला, उठवून सांगितलं आणि दोघी त्यांच्या फ्लॅटवर गेलो.

वॉल्टर अमेरिकन. तरुणपणी इथे शाळेत बँड शिकवायला आला, लिलियनशी लग्न केलं आणि इथलाच झाला. आयुष्यभर त्याने मार्च लिहिले, म्हणजे कूच करताना वाजवायच्या चाली. निवृत्तीनंतर ईस्ट कोस्टला आमच्या कॉन्डोजवळ त्याने हौशी लोकांचा बँड काढला. अनया त्यात क्लॅरिनेट वाजवायची. मी तिला सोडायला जायचे आणि कोपऱ्यात बसून ऑफिसच्या मेल्स बघायचे. एकदा मोठा ढोल वाजवणारा आला नाही, तेव्हा वॉल्टरने टिपरू सरळ माझ्या हातात दिलं. शाळेत लेझीम खेळले होते, एवढंच माझं भांडवल. अनया इथल्या लोकांसारखं शेवटी 'ला' लावत म्हणाली, "आई, प्लीज, फास्ट जाऊ नको ला." मी गेलेच. तरी ढोल माझ्याकडेच राहिला.

आमच्यात कुणाचा बँड वाजला म्हणजे त्याचं काही खरं नाही, हे मी त्याला एकदा सांगितलं. त्याला ते इतकं आवडलं, की प्रत्येक कार्यक्रमाआधी तो मोडक्या मराठीत विचारायचा, "आज कोनाचा बँड?" बहुतेकदा आमचाच वाजायचा...

एका वर्षी मंडळाच्या गणपतीसाठी त्याने आपणहून एक मार्च लिहिला. पुढे लेझीम, मागे बँड. पार्कातल्या पहिल्याच तालमीत सगळा घोळ झाला. मार्चचा पहिला ठोका डाव्या पावलाचा, जगभर तसंच असतं म्हणे. आमच्या बायकांनी मात्र न ठरवता उजवं पाऊल टाकलं. वॉल्टरने तीनदा थांबवलं. शेवटी मंडळाच्या सुहासताई मला म्हणाल्या, "त्यांना सांग गं, गणपतीपुढे डावं पाऊल आधी टाकायचं नसतं." मी सांगितलं. वॉल्टर वाद घालेल असं वाटलं होतं, पण तो "बरं" म्हणून घरी गेला. पुढच्या तालमीला येताना त्याने मार्चच्या आधी ढोलाचा एकच ठोका वाढवून आणला होता. "हा तुमच्या देवाचा," तो म्हणाला, "पुढचा माझा." त्या ठोक्यावर बायकांचं उजवं पाऊल पडायचं आणि मार्च डाव्यावर सुरू व्हायचा. भांडण मिटलं.

ऑगस्टमध्ये त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला. त्याचा मुलगा अमेरिकेहून आला, तोही बँड शिकवतो. वॉल्टर जिथे शिकला त्या कॉलेजात त्याचं सगळं संगीत जपून ठेवणार होते, म्हणून मुलाने ते नीट टाइप केलं होतं. तालमीत कागद हातात आला, तर माझा ठोका गायब. मी विचारलं. तो अदबीने म्हणाला, शेवटी-शेवटी बाबांचा हात थरथरायचा, ती चूक असावी. मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "बघू." कागद तसेच कॉलेजात गेले असते, तर तो ठोका कायमचा गेला असता, आणि पुढे कुणाला तो होता हेही कळलं नसतं.

रविवारी कार्यक्रमाला हॉलमध्ये लेझीमवाल्या उभ्या राहिल्या. मुलाने हात उचलला. बायका माझ्याकडे बघत होत्या, लिलियनसुद्धा. मी ठोका दिला. सगळी उजवी पावलं एकदम पडली... क्षणभर मुलाचा हात तसाच वर राहिला, मग बरोबर पुढच्या मात्रेवर खाली आला. पूर्ण मार्चभर तो बँडकडे नाही, बायकांच्या पायांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी लिलियनकडे गेले. मुलगा कागद पसरूनच बसला होता. त्याने ठोका परत लिहिला होता आणि वर काय लिहू म्हणून विचारत होता. मी पेन घेऊन देवनागरीत लिहिलं, 'उजवं पाऊल'. तिकडे हे कोण वाचणार, असं तो म्हणाला. मी खाली माझा फोन नंबर लिहिला आणि बुओना व्हिस्टाला कामावर गेले.