भाटघरच्या पाण्याकाठचा गुरुवार

आमच्या घरात गुरुवार म्हणजे रविवार. चाकणच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, आणि पप्पा तिथं वेल्डर. माझी शाळा, पुढं कॉलेज, बंद रविवारी. एका घरात राहून आमची सुट्टी कधी जुळलीच नाही. रविवारी मी उठेपर्यंत त्यांची कंपनीची बस थेरगावातून निघून गेलेली असायची.

माझी बी.ए.ची परीक्षा संपली तेव्हा पप्पा म्हणाले, "या गुरुवारी कुठंतरी जाऊ. तू म्हणशील तिथं." मी भोर म्हटलं. राजवाडा, आणि जवळच भाटघर धरणाचं पाणी. आई, पप्पा आणि मी एसटीनं निघालो. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती.

मला पप्पांना एक गोष्ट सांगायची होती. त्यांनी साहेबांच्या मागं लागून माझ्यासाठी कंपनीच्या ऑफिसात जागा बघितली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. मला मात्र इतिहासात एम.ए. करायचं होतं. आमच्यात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. आणखी किती मागावं, हे कळत नव्हतं. एसटीत सांगू म्हटलं, नाही जमलं.

भोरला उतरल्यावर पप्पा इकडंतिकडं बघायला लागले. "सुट्टी असून गर्दी कशी न्हाई?"

"सुट्टी तुमच्या कंपनीला हाय," आई म्हणाली. "जग कामाला गेलंय."

पप्पा स्वतःवरच हसले.

राजवाड्यासमोर मी त्यांना भोर संस्थानाबद्दल, तिथल्या राजाबद्दल थोडं सांगितलं. ते हात मागं बांधून ऐकत होते.

"एवढं समदं पुस्तकात असतंय?"

"थोडं असतं. बाकीचं शोधावं लागतं."

तिथंही पुढचं बोलणं तोंडात आलं आणि राहिलं.

मग जीपनं पाण्यावर गेलो. झाडाखाली जेवलो. पप्पांनी पँट दुमडून पाण्यात पाय सोडले. दिवसाउजेडी त्यांना असं निवांत बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. तशी दुपार नंतर आम्हाला मिळाली नाही, म्हणूनही ती फार आठवते.

"आता तुलाबी गुरुवारचीच सुट्टी," ते म्हणाले. "दर महिन्याला येऊ असं."

ते फार खूश होते. तरी म्हटलं, "पप्पा, मला आत्ता नोकरी नको. एम.ए. करायचंय."

त्यांनी पाण्यातले पाय वर घेतले.

"किती वर्षं?"

"दोन."

"सुट्टी रविवारचीच असंल."

"हो."

ते उठले. खाली फोनला रेंज नव्हती, म्हणून चढ चढून रस्त्यापर्यंत गेले. तिथून त्यांचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता.

"साहेब, पोरीचं जमंना... न्हाई न्हाई, लगीन न्हाई हो! पुढं शिकायलीय." मग आणखी मोठ्यानं, "हिस्ट्री, साहेब, हिस्ट्री!"

आई डबा आवरत म्हणाली, "भांडायलाय का मिरवायलाय, कळंना."

पप्पा खाली आले, माझ्या शेजारी टेकले.

"साहेब म्हणले, हिस्ट्री घेऊन काय करणार? मी म्हणलो, मला काय ठावं, तिला इचारा." मग म्हणाले, "सांग माय, त्या राजाचं पुढं काय झालं?"