निळ्या अक्षरांतली लबाडी

मासळीच्या टोपलीमागे मांजरं लागतात, तसे आमच्या व्हिडिओवाल्या कंपूचे किस्से माझ्या मागे लागलेत. खांदा कॉलनीच्या बागेत संध्याकाळी जमणारे आम्ही चौघं, प्रत्येकाचं चॅनल. मी उरणची कोळीण, सुकट-बोंबील करून दाखवते. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं रद्दीच्या कागदावर शिकले, मोबाइल स्वतःच्या बोटाने. लबाडीचा वास मला लांबून येतो.

*

पहिला वास जोशीबाईंचा. मी शोधले 'भरले खेकडे', तर समोर जोशीबाई टाळ घेऊन भजन म्हणतायत! बाई लसूणसुद्धा खात नाहीत. मी व्हिडिओखाली 'अजून' दाबलं. निळ्या अक्षरांत टॅगांची रांग: खेकडे, चिकन, मालवणी मटण.

विचारलं तर म्हणाल्या, "अहो मावशी, भजन शोधतंय कोण? मटण शोधणारा निदान दोन मिनिटं देवाचं नाव ऐकतो."

तेव्हापासून मी प्रत्येकाच्या व्हिडिओखाली डोकावते.

*

नाईक स्कूटरवरून फिरतात आणि शूटिंग करतात. त्यांच्या एका व्हिडिओला टॅग होता 'काश्मीर'. रस्ता तर इथल्या शेजारच्या विचुंब्याचा! पाठीमागे माझ्या भाचीची बिल्डिंग दिसत होती. नाईक म्हणाले, सकाळचं धुकं अगदी तसंच होतं.

"धुकं नाय ते," मी म्हटलं, "कचरा जळत व्हता."

*

देशमुखांचा किस्सा मात्र मला हसू देत नाही. त्यांची गच्चीवरची बाग. टोमॅटोच्या व्हिडिओला टॅग दिला 'उरण पोर्ट नोकरी'. कमेंटमध्ये कुणी पत्ता विचारला, यांना वाटलं बाग बघायला येणार, दिला. आली दोन पोरं, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन. एक माझ्या माहेरच्या आळीतला. देशमुखांनी त्यांना गच्ची दाखवली आणि पिशवीभर टोमॅटो देऊन वाटेला लावलं!

दुसऱ्या दिवशी बागेत मी सगळ्यांनाच धारेवर धरलं. खोटे टॅग आजच्या आज काढा म्हटलं.

देशमुखांनी डोळे बारीक केले. सुक्या बोंबलाला एवढी गर्दी कुठून येते, असा त्यांना कधीचा संशय. मी तिथेच सांगून टाकलं, "माझा एक जरी टॅग खोटा निघाला, तर चॅनल बंद!"

चॅनल म्हणजे माझा जीव. पण मी निर्धास्त होते. व्हिडिओ चढवते माझी सून सायली, आणि सायली कधी उलट शब्द न बोलणारी. स्वतःच्या व्हिडिओखाली मी कधी डोकावलेच नव्हते. कशाला डोकावू?

*

देशमुखांनी लगेच फोन काढला. नेमकी सायली मला न्यायला आली होती, तीही उभी राहिली. देशमुख मोठ्याने वाचू लागले.

"सुका बोंबील."

"खरा," जोशीबाई म्हणाल्या.

"कोळी मसाला."

"खरा."

"सासूचा जाच."

नाईकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सायलीकडे. सायली चपलेच्या टोकाने माती उकरत होती.

देशमुखांना तर आनंद मावेना. "बोला मावशी, हा खरा की खोटा? खोटा असेल तर चॅनल..."

मी पदर खोचला.

"खरा हाय," मी म्हटलं. "फुडचा वाचा."